कॅसेटमध्ये न मावणारे देव

बोनकोड्याची काशीबाई लग्नात धवले गायची. आगऱ्यांच्या घरात हळद लागायची तर धवलारीण हवीच, आणि आसपासच्या गावांत धवलारीण म्हटलं की काशीबाई. सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिनं सत्तावीस लग्नं गायली. घसा बसला, पाय सुजले. तरी वैशाखातल्या दुपारी ती वाशीतल्या एका दुकानावरच्या माळ्यावर, गोधड्या टांगलेल्या भिंतींमध्ये, पंखा बंद करून बसली होती. पंख्याचा आवाज टेपमध्ये येतो म्हणे.

समोर अरविंद. वाशीच्या सेक्टरातला, कारखान्यात कारकून, विजेची पेटी, म्हणजे कीबोर्ड, वाजवणारा. दोन वर्षं दोघं जोडीनं गणपतीत, सोसायट्यांच्या गच्च्यांवर गात होते. तिचा आवाज, आणि खाली त्याच्या पेटीतला आफ्रिकेतला ढोल, परदेशी बासरी, मध्येच सिनेमासारखा ठेका.

"ते मागं घुमतंय ते काय रं?"

"ते शांततेचं आहे, ताई. लोक डोळे मिटून ऐकतील."

"मना डोले मिटाया सांगू नको. इथंच झोपंन मी."

त्यांची पहिली कॅसेट निघत होती. सात भजनं झाली होती, सगळी अरविंदनं बांधलेली. आठवा हा धवला. काशीबाईला तो तिच्या आईनं दिलेला. तिच्या सुनेला तो नको होता, लेकीला येत नव्हता. तो टेपवर राहावा, एवढ्यासाठी ती इथवर आली होती.

टेप उरली होती आठ मिनिटांची. अरविंदनं तालमीत मोजलं होतं: त्याची ती शांततेची सुरुवातीची धून दीड मिनिट, धवला सहा.

धून संपली. काशीबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि देवांना बोलवू लागली. गावदेवी, डोंगरावरची आई, वेशीवरचा, खाडीतला. एकेकाचं नाव, ठिकाण, मग मांडवात येण्याचं आर्जव. दोन मिनिटं झाली तरी धवल्याला तोंड लागेना. काचेपलीकडून कॅसेट काढणाऱ्या सुधीरशेठनं थांबा म्हणून हात वर केला.

"हे तालमीत कधी म्हटलं नाहीत तुम्ही," अरविंद म्हणाला.

"तालमीत कसं म्हनायचं? लगीन नाय, मांडव नाय. देवांना उगाच बोलवून परत धाडायचं? आज धवला खरा गायचा, तं बोलवायलाच पायजे."

अरविंदनं कपाळाला हात लावला. "मग दोन-चार गाळा. तो मिठागराच्या बांधावरचा देव. त्याची जागाच गेली, तिथं आता रस्ता आहे."

"त्याला तं आधी बोलवायचा. बाकीच्यांना घरं हायत."

सुधीरशेठ दारात आला. "बाई, नावं काढा, नाहीतर हे गाणं काढतो. सातावर भागेल माझं."

काशीबाई गुडघे चोळत राहिली. भांडायला अंगात जीव नव्हता.

"गाणंच काढा," ती म्हणाली. "निम्म्यांना मांडवात आन निम्म्यांना दारात, माज्यानं नाय व्हनार."

अरविंद पेटीवर बोट फिरवत बसला. ती धून बसवायला त्याला दोन महिने लागले होते.

"माझं दीड मिनिट काढा, शेठ. ताईंनी सरळ सुरू करावं."

"तुजं शांततेचं?"

"हो."

"रडशील मंग घरी जाऊन."

"रडेन. पण तरी देवांना दोनच मिनिटं मिळतात, ताई."

"आर्जव गाळते. नाव एक पन गाळनार नाय."

तिनं सुरुवात केली. नुसती नावं, एकामागून एक, श्वास मोडून मोडून. मिठागराच्या देवापाशी आवाज फाटला. अरविंदनं खालून ढोल हळूच धरला, आणि ती धवल्यात शिरली. सहा मिनिटं कुणी हललं नाही.

"धवला छान," सुधीरशेठ म्हणाला. "नावं तेवढी परत घेऊ. धाप ऐकू येते."

काशीबाई भिंतीला टेकली होती.

"आता पुन्ना कशाला बोलवू? आलेत ते सगले. बसू दे त्यांना, आन मना पन."

अरविंदनं पेटीची वायर काढून घेतली.