पूजेला बसवलेला पंखा

तुळिंजला आमची वन रूम किचन. दोन ट्यूबलाइट, दोन पंखे आणि बाथरूमचा एक बल्ब. एवढ्याशा संसाराला आपोआप चालवायचं खूळ आमच्या ह्यांनी घरात आणलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!" घोडीही एक नाही, दोन आली होती.

हे सातिवलीच्या एका गाळ्यात इलेक्ट्रिक पॅनेल बनवायचे. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. वर्षभर सगळे रविवार घालवून ह्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. घरातले दिवे-पंखे त्यानं कॉम्प्युटरवरून लागायचे. नेमका तेव्हाच गाळ्याच्या मालकांनी बाहेरून एक टचस्क्रीन मागवला. तो भिंतीवर लावायचा आणि चित्रावर बोट ठेवायचं. दोन्ही तीन महिने वापरून बघायचे ठरले. कुणाच्या घरी? तर आमच्या! मालकांच्या बायकोनं म्हणे साफ नकार दिला. शहाणी बाई.

मालकांना काही बंगल्यांच्या कामाची ऑर्डर मिळायची होती. गिऱ्हाईकाला कॉम्प्युटर पसंत पडला तर ते सगळं काम ह्यांच्या हाताखाली येणार होतं. टचस्क्रीन पसंत पडला तर वर्षाचे रविवार पाण्यात, आणि हे पुन्हा पॅनेलच्या वायरी जोडत बसणार. त्यामुळे मी कुणाच्या बाजूची, हे विचारायची गरजच नव्हती.

पण खरं सांगू? तो प्रोग्राम म्हणजे जिवाला घोर होता. पंखा लावायचा तर आधी कॉम्प्युटर सुरू करा, मग तो जागा होईपर्यंत घाम पुसा. मग 'स्वयंपाकघर' निवडा, मग 'पंखा', मग 'चालू'. आणि एवढं झाल्यावर तो विचारणार, 'नक्की चालू करायचा?' पुढं 'हो' आणि 'नाही'. सासूबाईंनी हे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नको असता तर एवढी उठले असते का रे, मेल्या?" त्यानंतर त्यांनी दोन्ही यंत्रांना हात लावला नाही. काही हवं असलं की मला हाक मारायच्या.

भिंतीवरचे जुने स्विच तर ह्यांनी पत्रा ठोकून बंदच केले होते. परीक्षा चोख व्हायला हवी ना!

दिवसा हे कामावर गेले की मी काय करायचे, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी हे आले की मी माउस धरून ऐटीत बसायचे आणि म्हणायचे, "किती सोपं केलंय हो तुम्ही!" ह्यांचा चेहरा असा खुलायचा की मला पुढं काही बोलवायचंच नाही.

गिऱ्हाईक म्हणजे खाडीकडच्या जुन्या शेतकरी घरातले एक आजोबा. स्वतःच्या जागेवर बंगले बांधत होते. ऑर्डर द्यायची तर दसऱ्यालाच, असा त्यांचा हट्ट. सकाळी अकराला येतो म्हणाले.

आता दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. पूर्वी ह्यांचा पक्कड-पाना पाटावर यायचा. यंदा सासूबाईंनी कॉम्प्युटरला कुंकू लावलं, माउसवर फूल ठेवलं आणि टचस्क्रीनवरच्या खिळ्याला झेंडूचा भलामोठा हार घातला. आणि पूजेला बसवलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. आम्ही दोघंही तो साफ विसरलो होतो. आठवला तेव्हा मालक आणि आजोबा दारात चपला काढत होते!

"आई, आजच्या दिवस..." हे म्हणाले.

"एकदा नाही म्हटलं ना!"

मालकांनी आजोबांकडे आशेनं पाहिलं. आजोबा खुशाल मांडी घालून म्हणाले, "माउलीचं बरोबर हाय. मी पन आज पान्याच्या पंपाला हात नाय लावला."

झालं! ऑक्टोबरचा उकाडा, स्विचवर पत्रा आणि यंत्रं सोवळ्यात. मी कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं पाहुण्यांना वारा घालत होते. मालकांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

तेवढ्यात दारातून वाऱ्याची झुळूक आली आणि पंखा आपोआप सुरू झाला. सगळ्यांनी वर पाहिलं. जरा बरं वाटतंय तोच तो बंद पडला. मग पुन्हा सुरू. पुन्हा बंद. मधेच ट्यूबही डोळे मिचकावायला लागली.

"अंबाबाई आली गं!" सासूबाईंनी हात जोडले.

मला मात्र लगेच कळलं. ह्यांनीच मागं सांगितलं होतं, त्या टचस्क्रीनच्या चौकटीतून न दिसणारे किरण जायचे, बोट आडवं आलं की त्याला समजायचं. बोट काय आणि झेंडू काय! पंख्याच्या वाऱ्यानं हार झुलायचा, फूल पंख्याच्या चित्रासमोर यायचं आणि पंखा बंद. हार परत झुलला की चालू. मी उठून हार बाजूला केला असता तर तिथंच संपलं असतं. पण मी नाही उठले. मनातून इतकी खूश झाले की पुठ्ठा जोरात हलवायला लागले.

"हे भूत मला नको," आजोबा म्हणाले. "तो कॉम्प्युटरवालाच द्या."

जिंकलो! आणि तेवढ्यात आमचे हे, सत्याचे अवतार, उभे राहिले. "यंत्राचा दोष नाही आजोबा, हाराचा आहे," म्हणाले आणि आईची माफी मागून त्यांनी हार काढला. माझ्या हातून पुठ्ठाच पडला. अहो, कुणी सांगितला होता हा शहाणपणा!

सासूबाई क्षणभर फुरंगटल्या. मग त्यांनी दोन्ही यंत्रांवर अक्षता टाकल्या आणि पूजा उतरल्याचं जाहीर केलं. आजोबांनी पडद्यावर बोट ठेवलं, पंखा लागला. मग ते कॉम्प्युटरसमोर बसले. बराच वेळ बसले. शेवटी 'नक्की चालू करायचा?' आलं, तेव्हा ते हसून उठले आणि मालकांना म्हणाले, "बोटवालाच बरा."

संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर हे टचस्क्रीन उतरवून खोक्यात भरायला बसले. मी रागानं फुगले होते. ह्यांनी तो खिडकीच्या उजेडात तिरका धरला. पंख्याच्या चित्रावर पिवळा डाग. दिव्याच्या चित्रावरही पिवळा डाग.

"हळद," हे म्हणाले.

"सकाळच्या पूजेची असेल."

"पूजेच्या आधीपासून आहे. महिनाभर बघतोय. माझ्या माउसला मात्र तीन महिन्यांत एकदाही हळद लागली नाही." मग हळूच म्हणाले, "तू सांगशील म्हणून थांबलो होतो गं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"खरं सांग, हाच आवडायचा ना तुला?"

"हो."

"नक्की?"

मी पदरानं डोळे पुसले आणि ओरडलेच, "अहो, हो म्हटल्यावर पुन्हा विचारता, तिथंच तर हरलात!"