माठाचा कोपरा

सुनेनं अडगळ काढून कोपरा मोकळा केला आणि तिथं नवा माठ भरून ठेवला. ओल्या मातीचा वास आला, तशी मी पंचावन्न सालच्या किन्हीराजात, माझ्या माहेरी पोचले.

बाबांना नुकतंच स्मशानात नेलं होतं. मयताच्या घरातली मातीची भांडी टाकायची रीत, म्हणून काकूनं सगळी मडकी बाहेर नेऊन फोडली. पाण्याच्या माठाला मात्र आईनं हात लावू दिला नाही.

"विटाळाचं पाणी कायले ठेवतं वं?" काकू म्हणाली.

"सकाळी त्याईनंच भरलं हाये."

आईनं आम्हा बहिणींना एकेक पेला पाजला, एक स्वतः प्यायली आणि मग स्वतःच माठ फोडला.

माठाचा तो कोपरा तिनं जन्मभर रिकामा ठेवला. येणारे-जाणारे म्हणायचे, "घर कसं मोकळं वाटते तुमचं." आई पितळी घागरीतलं पाणी त्यांच्यापुढं करायची.