वहिनींच्या तीन छत्र्या

रोह्यातल्या कितीतरी घरांत टीव्ही चालायचा तो वहिनींच्या जिवावर, आणि वहिनी स्वतः मात्र टीव्ही बघत नसत. सकाळी सहाला आंघोळ करून, ओले केस पंच्यात गुंडाळून त्या तळमजल्यावरच्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये येत. हातात चहाचा कप. एकेक चॅनेल लावायचा, पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे दोन-तीन सेकंद बघायचं आणि पुढे जायचं. पडद्यावर कोण रडतंय, कोण बातम्या सांगतंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. चित्र बिघडायला लागलं की आधी त्या कोपऱ्यात बारीक चौकोन पडतात, असं त्यांचं मत होतं. "मला गोष्ट नाय कळत, भावजी, मला चौकोन कळतात," असं त्या म्हणायच्या. चहा संपेपर्यंत सगळे चॅनेल तपासून झालेले असत.

वरसेच्या रस्त्याला त्यांचं घर होतं. खाली त्या आणि त्यांची कंट्रोल रूम, वर दोन खोल्यांत भाड्याने मी आणि माझी बायको सुजाता. आठ वर्षं आम्ही तिथे काढली. मी मोबाईल टॉवरच्या कामातला माणूस. जागा बघायची, सर्व्हे करायचा, नवीन उपकरण बसलं की चालू करून द्यायचं. पेणपासून रोह्यापर्यंतचा पट्टा माझ्याकडे होता. आमच्या डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर वहिनींच्या तीन छत्र्या. डिश म्हणतात ती. पण घरावर असते तेवढी नव्हे, खोलीभर मोठी. उपग्रहाकडून येणारे चॅनेल या छत्र्या पकडायच्या आणि तिथून वायरीने गावभर जायचे.

हा धंदा त्यांच्या यजमानांचा. व्हिडिओ कॅसेट लावून गल्लीला सिनेमे दाखवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. ते अचानक गेले तेव्हा वहिनी आता सगळं विकून पेणला भावाकडे जातील असं लोकांनी धरलं होतं. वहिनी बारावी शिकलेल्या. त्यांनी यजमानांच्या कपाटातली माहितीपुस्तकं काढली, तुकारामला समोर बसवलं आणि तीन महिन्यांत छत्री फिरवून उपग्रह शोधायला शिकल्या. तुकाराम म्हणजे त्यांच्याकडचा जुना लाइनवाला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. छत्रीच्या प्रत्येक बोल्टवर वहिनींनी नेलपॉलिशची लाल रेघ मारली होती, अर्धी बोल्टवर, अर्धी पट्टीवर. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सैल झाला. त्यांच्या स्वतःच्या नखांना मी कधी रंग पाहिला नाही.

तक्रारीचा फोन आला की त्यांची दोनच वाक्यं ठरलेली. "बघते. ठेव." बाई असेल तर, "बघते गो. ठेव." समोरचा रागावलेला असो की रडवेला, याहून जास्त बोलणं नाही. पण फोन ठेवल्यावर त्या खरोखर बघायच्या, आणि चित्र आलं की त्या घरी उलट फोन करून विचारायच्या, "आला?"

एका गोष्टीसाठी मात्र त्या वेळ घालवत. त्यांच्या लोकल चॅनेलवर खाली एक पट्टी सरकत असे. कोणाच्या दुकानाचं उद्घाटन, कोणाची हरवलेली पिशवी, पाण्याची वेळ. पावसाळ्यात कुंडलिका नदीत वरच्या धरणातून पाणी सोडणार असं कळलं की वहिनी पट्टीवरचं बाकी सगळं काढून टाकत आणि एकच ओळ ठेवत. "नदीकाठच्यांनी सामान वर घ्या." ती ओळ त्या स्वतः टाइप करायच्या, एका बोटाने. काठावरच्या आळीतली माणसं आकाशाकडे बघण्याआधी त्या पट्टीकडे बघत.

समोरच्या तीन मजली इमारतीवर आमचा टॉवर आम्ही वहिनींकडे राहायला यायच्या आधीपासून होता. निडीच्या बाजूच्या टॉवरशी तो ढोलासारख्या एका मायक्रोवेव्हने जोडलेला होता. म्हणजे या ढोलाने सरळ त्या ढोलाकडे बघायचं आणि हवेतून निरोप पाठवायचे. इकडे उपग्रहाच्या छत्र्या, तिकडे तो ढोल, त्याच खांबावर मोबाईलचे अँटेना. इतकी वर्षं कोणी कोणाच्या आड आलं नव्हतं. वहिनी म्हणायच्या, "तुमचा ढोल त्याच्या वाटंनं जातो, माझ्या छत्र्या त्यांच्या वाटंनं."

मग फाइव्ह-जी आलं. सरकारने लहरींचा एक पट्टा वाटून दिला होता. अलीकडचा भाग मोबाईलला, पलीकडचा उपग्रहाला, मध्ये थोडी मोकळी जागा. कागदावर दोघंही आपापल्या घरात होते. समोरच्या टॉवरचा सर्व्हे मी केला. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : परिसरात उपग्रहाचं नोंदणीकृत केंद्र आहे का? वहिनींच्या छत्र्या फक्त ऐकणाऱ्या, त्यांची तशी नोंद कुठे नव्हती. मी "नाही" लिहिलं. ते खरं होतं. लिहिताना मी आमच्या खोलीत बसलो होतो आणि त्या तिन्ही छत्र्या माझ्या डोक्यावर होत्या.

टॉवरवरचा नवीन रेडिओ, म्हणजे फाइव्ह-जीच्या लहरी सोडणारं यंत्र, चालू केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा चहा कपातच राहिला. चौदा चॅनेलवर चौकोन होते. काहींवर तर चित्रच नव्हतं, नुसता थिजलेला एक चेहरा. त्यांनी तुकारामला वर चढवला. छत्रीच्या मध्यावर एक डबी असते. उपग्रहाकडून आलेला अगदी अशक्त सिग्नल ती मोठा करते. ती बदलली. मग वायर बदलली. मग जोड उघडून पुन्हा घट्ट केले. फोन वाजत होते. "बघते. ठेव." मी जिन्यातून खाली येताना हे सगळं बघत होतो. काय झालंय ते मला त्या पहिल्याच सकाळी कळलं होतं. ती डबी आपला-परका ओळखत नाही. समोरच्या टॉवरचा दणदणीत सिग्नल तिच्यात शिरला की उपग्रहाचा तिला ऐकूच येत नाही. हे मला सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मी सांगितलं असतं तर टॉवर बंद ठेवायची वेळ आली असती, आणि त्या महिन्यात माझं कंत्राट पुढे वाढायचं होतं. खरं तर असा विचारही मी नीट केला नाही. रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडत होतो, एवढंच.

वहिनींनी ते स्वतःच शोधून काढलं. त्यांच्या कंट्रोल रूमला इन्व्हर्टर होता. वीज गेली तरी त्यांचा पडदा चालू राही. त्यांच्या लक्षात आलं की वीज गेल्यावर थोड्या वेळाने चौकोन आपोआप जातात आणि वीज आली की परत येतात. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी मला खाली बोलावलं.

"भावजी, लाइट गेली की माझं चित्र चांगलं येतं. असं कुठं असतं काय?"

मी म्हणालो, "वीज गेली की बॅटरी वाचवायला आमचा नवा रेडिओ बंद होतो."

त्यांनी कॅलेंडरवरच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे तुम्हाला म्हाईत होतं?"

"हो."

"कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी समोरच्या पडद्याचा आवाज बंद केला. मग म्हणाल्या, "मग तुकारामाला उगाच चार येळा वर चढवला मी. त्याचे गुडघे दुखतात."

मी फॉर्मचंही सांगून टाकलं. काय विचारलं होतं आणि मी काय लिहिलं.

"खोटं नाय लिवलंत," त्या म्हणाल्या. "नोंद नव्हतीच. आता काय करायचं ते सांगा."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं. त्या दिवशी काही वाटलं नाही. मी वर गेलो आणि कंपनीला तक्रारीचा मेल लिहायला बसलो.

मुंबईहून कंपनीचे एक साहेब यंत्र घेऊन आले. तरुण, नम्र माणूस. गच्चीवर उभं राहून त्यांनी मोजमाप घेतलं आणि सांगितलं, आमचा सिग्नल आमच्या हद्दीतच आहे. वहिनींनी त्यांना कोकम सरबत दिलं आणि म्हणाल्या, "हद्द कुठं आखली ती दाखवा ना मला." साहेबांनी यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. एका बाजूला आमच्या सिग्नलचा उंच डोंगर, दुसरीकडे वहिनींच्या उपग्रहाची जमिनीलगतची खरखर, आणि मध्ये एक उभी रेघ. वहिनी चष्मा लावून खाली वाकल्या, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बारीक हाय."

उपाय होता. छत्री आणि डबीच्या मध्ये बसवायचा एक फिल्टर, वितीएवढा लांब, धातूचा. वहिनी त्याला गाळणी म्हणत. तो दिल्लीहून यायचा होता आणि त्या दिवसांत सगळ्या केबलवाल्यांना तोच हवा होता. यायला दोन महिने लागले. आल्यावर वहिनी स्वतः गच्चीवर चढल्या, तुकारामने नुसती पकड धरली. अकरा चॅनेल परत आले. उरलेले तीन त्या रेघेला अगदी चिकटून होते, ते आले नाहीत. अकरा आले म्हणून वहिनी खूश झाल्या की तीन गेले म्हणून खट्टू, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी नेहमीप्रमाणे एकेका घरी फोन लावला. "आला?"

पण त्या दोन महिन्यांत लोक वाट बघून कंटाळले होते. कोणी घरावर छोटी डिश लावली. बरेच जण मोबाईलवर बघायला लागले. फाइव्ह-जी रोह्यात छान चालत होतं. वहिनींचा फोन कमी वाजायला लागला. मग शहरातल्या एका मोठ्या केबलवाल्याने सांगितलं, सगळे चॅनेल आम्ही फायबरने देतो, तुम्हाला छत्र्यांची गरजच नाही. वहिनींनी दोन दिवस विचार केला आणि सही केली. त्या लोकांच्या यादीत गावची सरकती पट्टी नव्हती. वहिनींनी विचारून पाहिलं. "नाय जमत म्हणाले," एवढंच त्यांनी मला सांगितलं.

छत्र्या उतरवल्या त्या दिवशी मी रजा घेतली होती. तुकाराम, मी आणि टेम्पोवाले दोघं. बोल्ट इतके गंजले होते की काही कापावे लागले. पाकळ्या सुट्या करून आम्ही दोराने खाली सोडल्या. सुजाता जिन्यात उभी होती, तिचे डोळे भरले होते. वहिनींनी टेम्पो गेल्यावर गच्ची झाडली, पाणी टाकून धुतली आणि म्हणाल्या, "चला, वाळवणाला जागा झाली."

पुढच्या पावसाळ्यात नदीला पाणी आलं तेव्हा काठावरच्या आळीतली दोन-चार माणसं वहिनींच्या दारात येऊन उभी राहिली. पट्टी का दिली नाही, असं विचारायला. वहिनींनी त्यांना आत बसवलं, चहा केला. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "ह्यांना काय सांगू मी?" मोबाईलवर इशारा आला होता, पण त्या माणसांनी तो उघडला नव्हता.

दिवाळीनंतर त्यांनी धंदा तुकारामच्या नावावर केला आणि पेणला भावाकडे जायचं ठरवलं. मी आणि सुजाता स्टेशनवर पोचवायला गेलो. दुपारची, दिव्याला जाणारी गाडी, बरीचशी रिकामी. एक सूटकेस, एक कापडी पिशवी. सुजाताला त्यांनी जवळ घेतलं, म्हणाल्या, "येत जा गो, पेण काय लांब हाय?" मला म्हणाल्या, "खोल्या सोडायची घाई करू नका, भावजी. घर बंद राहिलं की बिघडतं." गाडी सुटली. मी हात केला की नाही, आठवत नाही.

आम्ही गेलो नाही. दर महिन्याला जाऊ म्हणायचो. पेणला माझी कामं निघायची, पण ती आटोपून मी परत यायचो. एवढा एक बदल झाला की नवीन जागा बघताना मी आता आजूबाजूच्या चार-पाच गच्च्यांवर चढून येतो. फॉर्म ते मागत नाही. लोक विचारतात, काय बघताय? मी सांगतो, काही नाही.

गेल्या चैत्रात अशाच एका कामाला पेणला होतो. काम लवकर संपलं. वहिनींच्या भावाचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे असं तुकारामने एकदा सांगितलं होतं. शोधत गेलो. दार भावाने उघडलं. मी नाव सांगितलं, रोह्याहून आलो म्हणालो, वहिनी आहेत का विचारलं.

"ती गेली," ते म्हणाले. "वीस दिवस झाले. या, बसा."

मी म्हणालो, "बरं." आणि जाऊन बसलो. पोटाचा आजार होता, त्यांनी सांगितलं. इथे आली तेव्हापासून होता. रोह्याला कोणाला कळवू नका म्हणाली, कामं टाकून येतील. त्यांच्या बायकोने चहा आणला. घर साधं होतं, स्वच्छ. दारात कोणीतरी आंब्याच्या फोडी उन्हात घातल्या होत्या. मी त्या बघत होतो. माझ्या आत काहीच हलत नव्हतं.

"तुम्ही ते टॉवरवाले भावजी काय?" भावाने विचारलं.

"हो."

"तुमचं नाव काढायची ती."

"काय म्हणायच्या?"

ते थोडं हसले. "म्हणायची, माणूस चांगला हाय, पण विचारल्याबिगर सांगत नाय."

मी चहा संपवला. कप खाली ठेवला, निरोप घेतला आणि रस्त्यावर आलो. तिथेच उभं राहून सुजाताला फोन लावला आणि तिने काही विचारायच्या आत सांगून टाकलं.

मग तिने विचारलं, "तुम्ही कुठे आहात आत्ता?"

"त्यांच्या दारातच," मी म्हणालो. आणि मग मला पुढे बोलता येईना.