मागच्या बाकावरचं प्रभुभोजन

नगर स्टेशनावर बाबांनी माझी ट्रंक उघडली आणि स्वतःचं पवित्र शास्त्र सगळ्यात वर ठेवलं. आईनं ते खाली सारून वर धपाट्यांचं फडकं ठेवलं. बाबांनी पुन्हा शास्त्र वर घेतलं. आई म्हणाली, "अहो, तेल लागेल त्याला." बाबा म्हणाले, "लागू दे. पण उघडल्यावर पहिलं ते दिसलं पाहिजे." गाडीनं शिट्टी दिली तरी दोघांचं चाललंच होतं. शेवटी यांनी शास्त्र काखेत मारलं, धपाटी हातात घेतली आणि मला डब्यात चढवलं. लग्नाला तीन महिने झाले होते. हे तारखात्यात होते आणि बदली उज्जैनला झाली होती. मी रडायचं ठरवलं होतं, पण गाडी हलली तेव्हा हसूच येत होतं.

गावी राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारखे पेट्या उचलून कुठे कुठे गेलेल्यांनाही, हे सांगावंसं वाटलं. मनमाडहून खंडवा, तिथून लहान गाडीनं इंदूर, आणि इंदूरहून बसनं उज्जैनचा देवास गेट स्टँड. उतरले तेव्हा त्या मुलखाचं नाव मध्य भारत होतं. काही महिन्यांत राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही खोली न बदलता मध्य प्रदेशात गेलो. बाबा पत्रावर कितीतरी वर्षं 'म. भा.' लिहीत राहिले, आणि पोस्टमन मुकाट आणून देत राहिला.

माधव नगरात एका मराठी घरात वरची खोली मिळाली. घरमालकीणकाकूंचे पूर्वज पेशवाईत दरबारच्या नोकरीला इकडे आले, ते इथलेच झाले. "अगं, संकोच नको करूस," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पानी नळाला सुबह-सुबह येतं, तेव्हा बाल्टी लावून टाक." मराठीच होती ती, पण मला दोनदा विचारावं लागलं. वर्षभरात मीही 'टाइम भेटला तर येते' म्हणायला लागले, आणि आईनं पत्रात विचारलं की हे कोण बोलतंय.

आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी होती. आठ-नऊ घरं, बहुतेक रेल्वेतली, उपासना हिंदीत. रेल्वे कॉलनीजवळच्या एका खोलीत सहा बाकं, पुढे लाकडी कठडा आणि त्यामागे मेज. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इंदूरहून पाळकसाहेब यायचे आणि प्रभुभोजन व्हायचं. एरवी सगळा कारभार जोसेफसाहेबांकडे. अजमेरचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे. उपासना गाडीसारखी वेळेवर सोडायचे.

आता आमच्या नगरकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही बसल्या जागी प्रभुभोजन घेतो. भाकर फिरते, द्राक्षरसाचे छोटे पेले फिरतात. मोठं झाल्यावर मंडळीपुढे उभं राहून विश्वास कबूल केला की पंगतीत जागा मिळते. इथली रीत वेगळी होती, आणि यांच्या घरचीही तीच: छापील प्रार्थना, कठड्यापाशी गुडघे टेकायचे, सगळ्यांना एकच प्याला. आणि त्याआधी दृढीकरण झालेलं हवं, म्हणजे बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलेली हवी.

पहिल्या रविवारी मी यांच्या शेजारी जाऊन गुडघे टेकले. जोसेफसाहेब वाकून हळूच म्हणाले, "बेटी, तुम्हारा दृढीकरण हुआ है?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, आणि भाकर माझ्यासमोरून पुढे गेली. यांना मिळाली. प्यालाही तसाच गेला. मी उठले, मागच्या बाकावर जाऊन बसले आणि पदरानं तोंड झाकून घेतलं.

घरी आल्यावर हे समजुतीनं म्हणाले, "करून घे ना दृढीकरण. चार शब्द तर आहेत."

"मग सोळाव्या वर्षापासून मी जेवले ते काय होतं?" मी विचारलं. "ते खोटं होतं का? बाबांनी स्वतःच्या हातानं भाकर मोडली, ती?"

त्या दिवशी आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही.

मी बाबांना लिहिलं. बाबा गावचे मास्तर आणि उपदेशक. कुठल्याही वादात त्यांचा एकच प्रश्न असायचा, "शास्त्रात दाखवा." सात पानांचं उत्तर आलं, नुसत्या अध्यायांनी आणि वचनांनी भरलेलं. शेवटी एक ओळ होती: 'दिवाळीच्या सुट्टीत येतो.' आणि खरंच आले. उतरल्यावर चहासुद्धा न घेता म्हणाले, "कुठे राहतात तुझे जोसेफसाहेब?"

मीच घाबरून त्यांना आमच्याकडे बोलावलं. काकूंच्या ओसरीवर दोघं समोरासमोर बसले. एकाच्या मांडीवर मराठी शास्त्र, दुसऱ्याच्या मांडीवर हिंदी. मी आणि हे दाराशी.

बाबा म्हणाले, "प्रभूच्या पंगतीच्या दारात पहारा ठेवा, असं शास्त्रात दाखवा."

जोसेफसाहेबांनी पानं उलटली. शोमरोनच्या लोकांचा बाप्तिस्मा झाला होता, तरी प्रेषितांनी येऊन त्यांच्यावर हात ठेवले, ती जागा दाखवली. बाबा म्हणाले, हात ठेवले हे खरं, पण तोवर त्यांना उपाशी ठेवलं असं कुठे आहे? जोसेफसाहेब म्हणाले, रीत बापदादांनी उगाच घातलेली नाही, प्रभूचं भोजन कुणी सहज म्हणून घेऊ नये यासाठी आहे. बाबा म्हणाले, "रीत माणसाची, शास्त्र देवाचं."

तेव्हा जोसेफसाहेब हसले. "मास्टरजी, एक बात बताइए. शास्त्र में कौन-सी किताब रहेगी, कौन-सी नहीं, यह किसने तय किया? चर्च ने ही ना? सँभालकर भी उसी ने रखा. तो आप जिस डाल पर बैठे हैं, उसी को काट रहे हैं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. आणि मग ते इतके मोठ्यानं हसले की काकू बाहेर आल्या. "हे मात्र खरं बोललात!" बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले.

काकूंनी कपबशा खाली ठेवल्या. "भाऊ, बहस आमच्याकडे पण होते. आमच्या दोन पुजाऱ्यांचं गंधावरून पटत नाही. पण चहा ठंडा झाला तर मी कुणाचं ऐकणार नाही."

चहा झाल्यावर बाबा शांत आवाजात म्हणाले, "साहेब, आता फक्त एक वाचा." त्यांनी करिंथकरांच्या पत्रातली जागा सांगितली. तिथे पौल त्या मंडळीला रागावतो, की तुम्ही भोजनाला जमता आणि काही जण आधीच जेवून घेतात, काही उपाशी राहतात. जेवायला बसाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असं सांगतो. जोसेफसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. मग एकदा मनात वाचलं. चष्मा काढून पुसत राहिले.

"नियम मैं नहीं तोड़ूँगा," ते म्हणाले. "मुझे हक नहीं. लेकिन रुक तो सकता हूँ."

काय म्हणायचं होतं ते पुढच्या पहिल्या रविवारी कळलं. त्यांनी मेज लावलं, भाकर ठेवली, लोकांना कठड्याशी नेलं, आणि स्वतः चालत मागे येऊन माझ्या शेजारी बसले. स्वतः भाकर घेतली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात हेही मागेच बसले. त्यानंतर फाटकवाल्या पीटरची बायको आली, मग शाळेतल्या दोन बाई. मागच्या बाकावर जागा पुरेना.

मला ते सहन होईना. चाळीस वर्षांत ज्या माणसानं एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, तो माझ्यामुळे उपाशी. मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, "मी घेते दृढीकरण. तुमच्यासाठी घेते."

"मेरे लिए मत लेना, बेटी," ते म्हणाले. "जिसके लिए लेना है, उसी के लिए लेना. मैं बैठा हूँ."

परत येताना रस्त्यात मी रडले, पण ते रडणं पहिल्या रविवारचं नव्हतं.

पाचव्या महिन्यात पाळकसाहेब आले ते खिशात पत्र घेऊनच. सगळी हकीकत त्यांनी बिशपसाहेबांना लिहिली होती. उत्तर आलं होतं, की आपल्या मंडळीपासून दूर आलेल्या ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत पाळकानं आपल्या विवेकानं ठरवावं. पाळकसाहेबांनी पत्र वाचून दाखवलं, घडी घातली, आणि भाकर व प्याला घेऊन कठडा उघडून मागच्या बाकापर्यंत चालत आले.

आता काय झालं ते ऐका. जोसेफसाहेबांनी एवढे दिवस माझ्यासाठी काढले म्हणून मी त्यांच्या रीतीनं झटकन गुडघे टेकले. आणि तेवढ्यात, जन्मभर गुडघे टेकलेले जोसेफसाहेब, माझ्या रीतीला मान द्यायचा म्हणून, बाकावर ताठ बसून राहिले. मी खाली, ते वर. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आधी पीटरची बायको फिसकन हसली, मग हे, मग स्वतः पाळकसाहेब. प्याला हिंदकळू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरला. तसं हसतच आम्ही प्रभुभोजन घेतलं. मला वाटतं, प्रभूला ते आवडलं असेल.

बाबांना कळवलं तर उलट टपाली उत्तर आलं: 'दोघंही चुकलात. शास्त्रात ना बसणं आहे, ना गुडघे टेकणं. प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या माडीवर तर सगळे कुशीवर टेकून जेवत होते. पुढच्या वेळी लोड-तक्के घेऊन जा. जोसेफसाहेबांना माझा नमस्कार सांग आणि विचार, की डाल तोडायला मी पुन्हा कधी येऊ.' ते दर सुट्टीत येत राहिले. दृढीकरण मी चार वर्षांनी घेतलं, माझ्या मर्जीनं. त्या दिवशीही बाबा हजर होते. उज्जैनजवळच्या भैरवगढची छापील चादर खांद्यावर टाकून पहिल्या बाकावर बसले होते आणि जोसेफसाहेबांशी कुजबुजत वाद घालत होते.

त्यानंतर मुलांना घेऊन मी गावी आले. रविवारी आपल्या मंडळीच्या देवळात सतरंजीवर तुमच्यातच बसले होते. प्रार्थना मला सांगायला लावली. डोळे मिटले आणि तोंडातून सरळ हिंदी निघाली, "हे हमारे पिता..." दोन वाक्यं झाल्यावर लक्षात आलं. पोरी खिदळत होत्या. मी शरमेनं डोळे उघडले.

शेजारच्या मावशीनं आईला विचारलं, "हे काय गं बोलतीये?"

आई अगदी सहज, थोड्या तोऱ्यात म्हणाली, "तिच्या घरी असंच बोलतात."

क्षणभर मला कळेना, आई कुणाच्या घराबद्दल बोलतेय. मग कळलं. मी पुन्हा डोळे मिटले आणि उरलेली प्रार्थना हिंदीतच पुरी केली. सगळ्यात मोठ्यानं आमेन बाबांनी म्हटलं.