मालिनी बर्वेंचा पहिला कॅमेरा

पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत एक ग्राहक भांडार होतं आणि त्याच्या गल्ल्यावर मालिनी बर्वे बसायच्या. चव्वेचाळिशी ओलांडेपर्यंत त्यांना कावळा, चिमणी आणि साळुंकी याखेरीज पक्षी ठाऊक नव्हते. पुढे पक्ष्यांचं वेड लागलं, ते नवऱ्याच्या झोपेमुळे. श्रीपतराव केंद्रात ऑपरेटर होते. रात्रपाळी करून आले की दुपारपर्यंत झोपायचे आणि भांड्याला भांडं लागलेलं त्यांना खपत नसे. मुलगी भार्गवी शिकायला पुण्यात. घरात आवाज करायची चोरी, आणि भांडार उघडायला वेळ असायचा. मग मालिनीताई कॉलनीच्या मागच्या पायवाटेने रानात चक्कर मारून येऊ लागल्या.

अशाच एका सकाळी त्यांच्या डोक्यावरून कुणी मोठी ताडपत्री झटकत गेल्यासारखा आवाज झाला. वर पाहतात तर दोन अवाढव्य पक्षी. काळे-पांढरे पंख, पिवळी भलीमोठी चोच आणि चोचीवर टोपी घातल्यासारखा फुगवटा. त्या तिथेच खाली बसल्या. कॉलनीच्या वाचनालयातल्या पुस्तकात नाव सापडलं, धनेश. वरच्या वाडीतले लोक त्याला गरुड म्हणत.

त्या वर्षी त्यांनी धनेशाचा पिच्छाच पुरवला. वाडीच्या वरच्या अंगाला काशीराम नावाच्या शेतकऱ्याच्या जागेत एक जुना बेहडा होता. त्याच्या खोडात उंचावर धनेशाची ढोली होती. मादी आत शिरते, ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते आणि अंडी-पिल्लं होईस्तोवर आतच राहते. नर दिवसभर फळं आणून तिला भरवतो. मालिनीताई हे सगळ्यांना सांगत सुटल्या. साखर मोजता मोजता सांगायच्या, तेलाची पिशवी देताना सांगायच्या. लोक हसत. "काय सांगता, बायको स्वतःला भिंतीत चिणून घेते?" असं म्हणून पुडा उचलून चालू लागत.

घरात एक साधा रोलचा कॅमेरा होता. त्याचा अख्खा रोल त्यांनी बेहड्याखाली संपवला. चिपळूणहून फोटो धुऊन आले. श्रीपतरावांनी एक फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "झाड छान आलंय. हा डाग कसला पडलाय?"

"तो डाग नाही. तो धनेश आहे."

त्या दिवशी मालिनीताईंनी ठरवलं, चांगला कॅमेरा घ्यायचा. पोस्टातलं त्यांचं स्वतःचं आवर्ती खातं दसऱ्याच्या सुमारास पुरं होणार होतं. श्रीपतरावांच्या मनात त्या पैशांत नवा टीव्ही होता. पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

गणपतीत भार्गवी आली ती इंटरनेटवरून छापलेल्या कागदांची चळत घेऊनच. "आई, डिजिटल एसएलआर घे. रोल नाही, धुणं नाही. काढला की लगेच मागे दिसतो. पण दहा मेगापिक्सेलच्या खाली जाऊ नकोस."

मालिनीताईंनी सगळे कागद वाचले. निम्मं कळलं, निम्मं नाही. दिवाळीच्या आधी त्या मुंबईला बहिणीकडे गेल्या आणि फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या गल्लीत एका दुकानात शिरल्या. विक्रेत्याने पाणी दिलं आणि विचारलं, "साहेबांसाठी हवाय का?"

"माझ्यासाठी हवाय."

त्याने नवा कोरा कॅमेरा काढून काचेवर ठेवला. मेगापिक्सेल किती, सेकंदाला फोटो किती, हे तोंडपाठ सांगितलं. किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर होती, पण हप्त्यांची सोय आहे म्हणाला. मालिनीताईंनी तो हातात घेतला. भारी वस्तू होती, बोटं बरोबर खाचेत बसत होती. मोह पडला. मग त्या उठून दुकानाच्या दारात गेल्या.

"समोरच्या गच्चीवर कावळा बसलाय. तो मला यातून दाखवा."

विक्रेत्याने कॅमेरा त्यांच्या डोळ्याला लावून दिला. गच्ची दिसली, पाण्याची टाकी दिसली, कावळा टिंबाएवढा दिसला.

"कावळा मोठा दिसायला काय लागेल?"

"त्यासाठी लांबची लेन्स लागते मॅडम. ती वेगळी. तिची किंमत वेगळी."

त्याने ती लेन्स लावून दाखवली आणि कावळा एकदम जवळ आला, मानेवरची राखाडी पिसंसुद्धा दिसली. मालिनीताईंनी शांतपणे विचारलं, "आता हीच लेन्स तुमच्या सगळ्यांत स्वस्त कॅमेऱ्यावर लावा."

त्याने नाखुशीने लावली. कावळा तेवढाच मोठा दिसला.

मालिनीताईंनी आभार मानले आणि काही न घेता बाहेर पडल्या. घरी आल्यावर श्रीपतराव म्हणाले, "मुंबईपर्यंत जाऊन हात हलवत आलीस?"

"अहो, काय घ्यायचं ते आता कळलं. सगळे मला कॅमेरा शिकवत होते. मला हवी आहे लेन्स. कॅमेरा कुठलाही चालेल."

लांबची लेन्स नवी घ्यायची तर कॅमेऱ्याला पैसे उरत नव्हते. म्हणून त्यांनी जुन्या लेन्सचा शोध घेतला. चिपळूणला भिकाजी नावाचे लग्नाचे फोटो काढणारे जुने फोटोग्राफर होते. कधी काळी वर्तमानपत्रांना सभांचे फोटो द्यायचे म्हणून त्यांनी एक लांब लेन्स घेतली होती. पुराचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा ती सगळ्यांत वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. आता ती नुसतीच पडून होती.

भिकाजींनी काच पुसून लेन्स त्यांच्या हातात दिली, पण आधीच बजावलं. "ताई, फसवून विकणार नाही. तुम्ही म्हणताय त्या स्वस्त कॅमेऱ्यात मोटर नाही. त्याच्यावर ही लेन्स आपोआप फोकस होणार नाही. हे कडं हाताने फिरवत बसावं लागेल. उडता पक्षी तुम्हाला मिळायचा नाही. थोडे पैसे घाला आणि वरचा कॅमेरा घ्या."

मालिनीताईंनी कडं फिरवून पाहिलं. जरा विचार केला. "भिकाजीभाऊ, माझा पक्षी उडून येतो तो एकाच ठिकाणी. ढोलीच्या तोंडाशी. ढोली काही पळून जात नाही. तिच्यावर कडं एकदा लावून ठेवलं की झालं ना?"

भिकाजी हसले. "झालं खरं. असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय."

लेन्स घेतली. पाठोपाठ बहिणीने मुंबईहून सगळ्यांत स्वस्त कॅमेरा पाठवला, सहा मेगापिक्सेलचा. सोबत एक छोटी लेन्स आलीच होती. दिवाळीपासून मालिनीताईंचा सराव सुरू झाला. दोरीवरचे कपडे, शेजाऱ्यांच्या कोंबड्या, झोपलेले श्रीपतराव, सगळं टिपून झालं. लांबच्या लेन्सने फोटो हलतो हे कळलं. तिपाईला पैसे नव्हते. म्हणून त्यांनी जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवली आणि तिच्यात सालासकट भात भरला. रानातल्या गडग्याच्या बुटक्या, चिऱ्याच्या भिंतीवर ती पिशवी ठेवायची, तिच्यात लेन्स रुतवायची, की कॅमेरा हलत नसे.

फेब्रुवारीत धनेशाची जोडी परत आली. मादी ढोलीत गेली आणि तोंड लिंपून झालं. मालिनीताई आनंदाने बेहड्याकडे गेल्या आणि थबकल्या. बुंध्याची साल एका जागी तासली होती आणि तिथे लाल रंगाची खूण केली होती.

त्या तशाच काशीरामच्या अंगणात गेल्या. काशीराम सुपारी कातरत बसला होता.

"काशीरामदादा, बेहडा तोडताय?"

"व्हय. लाकूडवाल्याला दिलाय. शिमगा झाला की येतोय. आतून पोकळ हाय वो ताई, पावसात पडला तर थेट गोठ्यावर यायचा."

"त्यात धनेशाची मादी बसलीय. अंड्यांवर."

काशीरामने अडकित्ता थांबवला. माणूस वाईट नव्हता. "गरुड मी पन बगतो. येतो, बसतो, जातो. पन मादी कुटं दिसली तुमाला? नुस्तं भोक हाय, ता पन बुजलेला. आनि इसार घेतलाय मी. दिलेला शब्द कसा मोडू?"

मालिनीताई म्हणाल्या, "मी दाखवते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी त्या उजाडता उजाडता गडग्याआड जाऊन बसल्या. नर आला, पण रानात अंधार होता. फोटो काळे आले. प्रकाश वाढवायचं बटण फिरवलं तर ते हलले, अजून फिरवलं तर रवा सांडल्यासारखे दाणेदार झाले. ढोलीवर ऊन यायचं ते दहाच्या पुढे, आणि तेव्हा त्या गल्ल्यावर असायच्या. दोन-तीन सकाळी अशाच गेल्या. शिमग्याचे ढोल वाडीत वाजू लागले होते. त्या जेवतानाही ते काळे फोटो मागे-पुढे करून पाहत बसू लागल्या.

श्रीपतरावांनी ते पाहिलं. एक दिवस रात्रपाळीवरून आले आणि अंथरुणाकडे न जाता चहा पिऊन शर्ट बदलला. "मी भांडाराच्या सेक्रेटरींशी बोललोय. आज भांडारात मी बसतो. तू ऊन येईपर्यंत थांब."

"अहो, तुम्ही झोपणार कधी?"

"पिल्लं झाल्यावर," ते म्हणाले.

त्या दिवशी भांडारात कॉलनीतल्या दोघीतिघींना साखरेऐवजी मीठ बांधून मिळालं, पण त्याची तक्रार कुणी केली नाही.

ऊन बेहड्याच्या खोडावरून हळूहळू खाली उतरलं आणि ढोलीवर आलं. मालिनीताईंनी कडं फिरवून सालीची रेघ न् रेघ स्पष्ट केली आणि हात काढून घेतला. आता फक्त बटण. बऱ्याच वेळाने पंखांचा तो आवाज आला. नर खोडाला बिलगून बसला. मान उंचावली आणि घशातून एक लाल उंबर वर आणून चोचीच्या टोकावर धरलं. फटीतून दुसरी चोच बाहेर आली. मालिनीताईंनी श्वास रोखला आणि बटण दाबलं. मग पुन्हा. पुन्हा. नर एकेक उंबर काढत होता, आतली चोच अलगद घेत होती. त्यांना घाई करायची गरजच नव्हती. कॅमेऱ्याला जे जमत नव्हतं ते इथे कुणी मागतच नव्हतं.

नर उडून गेल्यावर त्यांनी मागच्या काचेवर फोटो पाहिला. मोठा केला. अजून मोठा केला. दोन चोची, मध्ये उंबर, आणि फटीच्या आत, अंधारात, एक पांढुरका डोळा त्यांच्याकडेच पाहत होता. नराचा डोळा लाल असतो. हा तिचा होता.

त्या काशीरामच्या अंगणापर्यंत अक्षरशः धावत गेल्या. काशीराम शेतावर होता. त्याची बायको यमुनाबाई भात पाखडत होती. मालिनीताईंनी कॅमेरा तिच्यापुढे धरला. यमुनाबाईने सूप खाली ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि काचेवर वाकली.

"ही कोन आत?"

"मादी. कधीची आत बसलीय. तो बाहेरून भरवतोय."

यमुनाबाईने कॅमेरा आणखी जवळ ओढला. मग म्हणाली, "डोळा बगा कसा थकलाय. बाळंतीन हाय ओ ही."

तिने अंगणाच्या कडेला जाऊन नवऱ्याला अशी हाक मारली की खालच्या वाडीतले लोकही बाहेर आले. काशीराम धापा टाकत आला. त्याने फोटो पाहिला. नर, चोच, उंबर, डोळा. मालिनीताईंनी बटण दाबून पुढचा दाखवला, मग त्याच्या पुढचा.

"खरं हाय गो," तो पुटपुटला. "पन इसार..."

"परत द्या," यमुनाबाई म्हणाली. "बाळंतिनीचं घर पाडून घेतलेला पैसा माज्या दारात नको."

"आनि झाड पडला तर गोठ्यावर?"

"तर गोठा सरकवा."

शिमगा सरला आणि लाकूडवाला आला. चिडला, दोन शब्द बोलला, विसार मोजून घेऊन गेला. त्याच उन्हाळ्यात काशीरामने भावकीला हाताशी घेऊन गोठा खरंच बेहड्यापासून दूर, अंगणाच्या दुसऱ्या बाजूला नेला. मालिनीताईंनी त्या कामाचेही फोटो काढले, छोट्या लेन्सने.

ढोलीतल्या डोळ्याचा तो फोटो भिकाजींनी मोठा छापून दिला. भांडाराच्या भिंतीवर लागला. आता साखर घ्यायला आलेले लोकच विचारू लागले, "मादी आली का बाहेर?" वाडीतल्या बायका वर पाण्याला जाताना बेहड्याखाली आवाज न करता चालायच्या. एप्रिलमध्ये मादी बाहेर आली, आतल्या पिल्लाने ढोली पुन्हा लिंपून घेतली आणि मग दोघंही पिल्लासाठी फेऱ्या घालू लागली. श्रीपतराव आता आपण होऊन सोबत यायचे आणि गडग्याला टेकून तिथेच डुलक्या काढायचे.

मे महिन्यात एका सकाळी फटीच्या कडा आतून फुटू लागल्या. मालिनीताईंनी कुणाला बोलावलं नव्हतं, पण यमुनाबाईने बोलावलं होतं. गडग्याआड अर्धी वाडी गुडघ्यात वाकून बसली होती. लिंपण तुकड्यातुकड्यांनी खाली पडत होतं. मग एक डोकं बाहेर आलं, त्यावर फुगवटा नव्हता. समोरच्या फांदीवर आई-बाप ओरडत होते. पिल्लू ढोलीच्या काठावर बसलं, घाबरलं, पुन्हा आत सरकलं, पुन्हा बाहेर आलं. आणि अखेर पंख पसरून त्याने स्वतःला हवेत झोकून दिलं.

ते उडतानाचा फोटो मालिनीताईंना मिळाला नाही. कडं फिरवायला वेळच नव्हता. त्यांना काठावर बसल्याचा मिळाला, आणि त्याच्या पुढच्या फोटोत रिकामी ढोली. पिल्लू डुगडुगत समोरच्या फांदीवर जाऊन पोचलं तेव्हा कॅमेरा भाताच्या पिशवीवर तसाच ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्याने टाळ्या वाजवू लागल्या. सगळी वाडी उठून उभी राहिली. काशीरामने शीळ घातली. श्रीपतराव दचकून जागे झाले आणि म्हणाले, "गेलं? उडालं?"

"उडालं!" मालिनीताई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वर बेहड्याच्या शेंड्याशी तीन धनेश एका फांदीवर शेजारी शेजारी बसले होते.