नवसाचा ठराव आणि शहादेवची दाढी

शहादेवनं दुधाची किटली डेअरीच्या ओट्यावर ठेवली आणि चेअरमन आप्पारावांनी ती पायानं बाजूला सारली. हातानं नव्हे, पायानं. दुधाला पाय लावणारा माणूस सोनखोरी गावानं त्याआधी पाहिला नव्हता. रांगेतल्या बायामाणसांनी ते पाहिलं आणि खाली माना घातल्या.

"तुजं दूध घ्यायचं न्हाई," आप्पाराव म्हणाले.

"कावून? पाणी घातलंय का मी?"

"दुधात न्हाई घातलं. नवसात घातलंस. आरशात बग जरा. आमच्या दाढ्या मुठीत यायला लागल्या, अन् तुजा गाल बग, हळद लावलेल्या नवरीवानी!"

रांगेत खसखस पिकली. शहादेवचे कान तापले. त्यानं हनुवटीवरून हात फिरवला. तिथं चार केस होते. मोजायचे म्हटलं तर एका हाताची बोटं पुरतील असे, बारीक, भुरे, एकमेकांपासून लांब लांब उभे. ओठावर तेवढीच लव. कानापासून गालापर्यंत तर काहीच नाही.

"आप्पाराव, देवीची आन हाय, वस्तऱ्याला हात लावला आसंल तर."

"आन कशाला घेतूस बे? दाढी दाखव की!"

आता ही दाढी कुठून आली आणि डेअरीत कशी शिरली, ते सांगायला हवं. नेकनूरच्या पुढं, डोंगराला टेकलेलं हे गाव. सत्त्याऐंशीचं साल. पाऊस लागोपाठ दगा देत होता आणि गावचा पाझर तलाव बैलाच्या जिभेसारखा कोरडा पडला होता. निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांवर ऊस तोडायला गेलेलं. मागं राहिलेल्यांचा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत, गावच्या सहकारी दूध सोसायटीत. सोसायटी दूध घ्यायची, आणि जो दूध घालील त्यालाच पेंड आणि कडबा मिळायचा. म्हणजे किटली बंद तर गोठा बंद. शहादेवच्या गोठ्यात एकच गाय होती आणि घरातली चूल तिच्याच जिवावर पेटत होती.

दिवाळी झाल्यावर देवीपुढं सोसायटीची सभा भरली. कुणाला तरी कळवळा आला आणि त्यानं मांडलं, की तलाव भरेपर्यंत कुणी सभासदानं डोक्याला आणि दाढीला वस्तरा लावायचा नाही. पण आधी सगळ्यांनी एकाच सकाळी, देवीपुढं, सफाचट व्हायचं. एरवी नवस माणूस मनात बोलतो. इथं त्याला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला आणि नवस सर्वानुमते मंजूर झाला! जो मोडेल त्याचं सभासदत्व रद्द. देवीला कुणी विचारलं नाही, की बाई, तुला हा ठराव मान्य आहे का.

गावचा न्हावी ऊसतोडीला गेलेला. म्हणून नेकनूरहून हबीबला बोलावलं. हबीबनं एका सकाळी सगळ्या सोसायटीची डोकी केली. आणि तिथंच गावाच्या मनात ती एक अडाणी गोष्ट रुजली. शेतकऱ्याचं डोकं पेरणीच्या हिशेबानं चालतं. पेरणी एका दिवशी, एका पाभरीनं, मग उगवण सारखीच पाहिजे. ज्याचं रोप खुजं राहिलं, तिथं कुणाचं तरी ढोर शिरलेलं असणार. होळी आली. जवळजवळ सगळ्यांच्या कानांवर केस आले, दाढ्या झुलू लागल्या. शहादेवचं डोकं मात्र नुकतीच कापणी झालेल्या ज्वारीच्या रानासारखं, आणि गालाचं तर सांगितलंच.

गाव एवढं कसं विसरलं, याचाच संताप येतो. ह्याच गालांवर ह्याच गावानं टोप्या उडवल्या होत्या! जत्रेतल्या नाटकांत शहादेव नायिका व्हायचा. हबीब त्याला रंग लावायचा, गंगावन बांधायचा, नऊवारीचा काष्टा मागून नीट करायचा. पेट्रोमॅक्सच्या उजेडात शहादेव नुसता पदर सावरत पुढं आला तरी पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या पुटपुटायच्या, "अगं बाई, कुणाची लेक म्हणायची ही!" धारूरपर्यंत त्याचं नाव होतं. वनवासाला निघालेली राणी होऊन तो निरोप घ्यायला लागला, की आप्पाराव स्वतः धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे. त्या वेळी तो गाल गावाचं भूषण होता. आता पाऊस पडला नाही, तर तोच गाल गुन्हेगार!

आणि आळ कसला, तर म्हणे हा अजून चिमट्यानं दाढी उपटतो. नायिकेचं तोंड राखायचं आहे त्याला. हबीब बाजाराच्या दिवशी ह्याच्याकडं चहाला येतो, तो कशाला? हबीबला वेशीतूनच परत पाठवायला सुरुवात झाली. बिचाऱ्यानं बिनमजुरीनं गावाची डोकी केली होती, वर गावानं वस्तराच बंद करून त्याचं गिऱ्हाईक बुडवलं होतं, आणि आता चोरही तोच.

त्या दिवशी शहादेव तशीच भरलेली किटली घेऊन घरी आला. वत्सलाबाईनं, त्याच्या बायकोनं, एका नजरेत ओळखलं. सगळं ऐकून तिनं हातातला खराटा भिंतीवर आपटला.

"मला इचारा की म्हणावं! त्या गालाची खबर माझ्यापरीस जास्त कुणाला…" आणि मग काय बोललो हे ध्यानात येऊन तिनं पदर तोंडाला लावला. शहादेवला एवढ्या दुःखातही हसू फुटलं.

"हसू नगा. आमी चौघी बहिणी, एका आईच्या, एका बुधल्यातलं तेल. थोरलीची येणी कमरंखाली जाती. माजी खांद्याच्या म्होरं कधी सरकली न्हाई. मग काय मी कात्री लावती का? बाईच्या येणीला कुणी ठराव घालत न्हाई, बाप्याच्या दाढीलाच घालत्यात. तुमी आंबाजोगाईला जावा. मोठ्या दवाखान्यात इचारा. दाक्तरनं सांगितलं तर तोंड बंद हुईल ह्यांचं."

शहादेव एसटीनं आंबाजोगाईला गेला. सरकारी दवाखान्याच्या ओसरीत बसून राहिला. नंबर लागला तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय, काका?"

"दाढी होत न्हाई, बाई."

त्यांना वाटलं, चेष्टा करतो आहे. त्यानं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, केस काही एका ठरावानं उगवत नाहीत."

मग त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं. प्रत्येक केसाचं मूळ कातडीखाली असतं. केस तिथून काही वर्षं वाढतो, मग थकून थांबतो, गळतो आणि त्याच जागी नवा येतो. ही वाढ कुणाची भरभर, कुणाची सावकाश. कुणाचा केस जास्त वर्षं वाढतो, कुणाचा लवकर थांबतो. त्यातलं पुष्कळसं आईबापांकडून आलेलं असतं. वय झालं की वाढ मंदावते. आजारपणात, उपासमारीत केस गळतात, विरळ होतात.

"आणि दाढीचं आणखी वेगळं. पुरुषाच्या रक्तात जे असतं ते तुमच्यातही आहे. पण गालावरच्या मुळांनी त्याचं किती ऐकायचं, ते घराण्यावर जातं. तुमच्या वडलांना दाढी होती?"

शहादेव विचारात पडला. वडील डोळ्यांपुढं आले. हनुवटीवर चार केस, आणि त्यांना कुरवाळत वखर धरून चाललेले. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "न्हाई बाई. त्येंनाबी असंच हुतं."

"मग झालं तर. तुमच्यात काही कमी नाही. लेकरंबाळं आहेत ना घरी?"

"हायेत की. गोंधळ घालत्यात."

"बघा! आता पोटभर खा म्हणून सांगणार होते, पण ह्या साली ते कुणाला सांगू?"

"मग हे लिहून द्या, बाई."

त्या हसल्या, मग ओशाळल्या. "काय लिहू काका? ह्या माणसाला दाढी नाही आणि त्यात त्याचा दोष नाही, असं? सरकारी दवाखान्यात असं लिहिण्याची सोय नाही हो."

परतीच्या गाडीत शहादेवचं डोकं भणभणत होतं. गुन्हा नसताना निर्दोष असल्याचा दाखला मागायला आपण गाव सोडून एवढ्या लांब आलो, ह्याचीच त्याला शरम वाटू लागली. आणि हळूहळू त्या शरमेचा राग झाला. चांगला, निखळ, अंग ताठ करणारा राग.

शुक्रवारी देवीपुढं सभा होती. विषय एकच, शहादेवचं सभासदत्व. पुरुष सभामंडपात, बाया पायऱ्यांवर. शहादेवनं डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं, तर मागून कुणीतरी ओरडलं, "दाक्तरीनबाईला काय दाढी हाय का? तिला काय कळतंय!" सभा पोट धरून हसली.

आप्पारावांनी हात वर केला. मन मोठं केल्यासारखं तोंड करून म्हणाले, "हे बग शहादेवा, गावाला वाईट व्हायचं न्हाई. आपुन असं करू. तुजी पुन्यांदा हजामत करू, अन् तुला डेअरीच्या खोलीत ठिवू. भाईरून कडी. भाकरतुकडा तितंच. दाढी आली तर तू खरा."

"अन् न्हाई आली तर?"

"तर काय, सभासदत्व रद्द. दुसरं काय?"

शहादेव उठला. पुढं जे झालं ते पाहणारे अजून सांगतात. नाटकातल्या राणीचा तो नाजूक आवाज नव्हता. पोटातून आलेला, खांबांवर आदळून पायऱ्यांपर्यंत गेलेला आवाज होता.

"आप्पाराव, मी चोर न्हाई, मला कोंडून घ्यायचं न्हाई! दाढी न्हाई म्हून कोंडणार? उद्या उंची कमी म्हून कोंडचाल, परवा रंग काळा म्हून कोंडचाल! बरं. पेरणी एका दिवशी झाली तर उगवण सारखीच पाहिजे, हेच ना तुमचं म्हननं? पंडित, ऊठ. गहिनीनाथ, ऊठ. दोगंबी म्होरं या."

ही आप्पारावांची दोन्ही पोरं, दोघंही सभासद. काही न समजून ती उठून उभी राहिली.

"टोप्या काढा."

पंडितचे केस कानांवरून खाली लोंबत होते. दाढी काळीभोर, दाट. धाकटा गहिनीनाथ त्याच्याशेजारी उभा होता, तर त्याचे केस बोटभरही नव्हते, आणि दाढीत दोन्ही गालांवर टक्कल पडल्यागत मोकळी रानं.

"एका आईचं दूध प्यालेली पोरं. एका ताटात जेवत्यात. एका सकाळी हबीबनं एका वस्तऱ्यानं दोगांची डोकी केली. म्या डोळ्यानं बघितलंय, तुमीबी बघितलंय. मग ह्या धाकट्यानं कवा कापली, सांगा! कुनाचं ढोर शिरलं ह्या रानात? घाला ह्यालाबी खोलीत. थांबवा ह्याचंबी दूध. मी संगट जातो, दोगं मिळून भाकरी खाऊ!"

गहिनीनाथचा हात नकळत गालावर गेला. "आबा, म्या न्हाई वो काई केलं," तो बापाकडं बघत रडवेल्या सुरात म्हणाला.

शहादेव थांबला नाही. "आपल्या वावरात काय हुतं? काळ्या मातीतली तूर छातीला लागती अन् मुरमाडातली गुडघ्याला. बी एकच, पेरणारा हात एकच. तवा म्हणता का, की मुरमाडातल्या तुरीनं नवस मोडला? मातीला समजून घेता, अन् माणसाला न्हाई!"

पायऱ्यांवरून वत्सलाबाई कडाडली, "अन् पाऊस कावून न्हाई ते देवीला इचारा! माझ्या नवऱ्याच्या गालाला नगा इचारू!"

सभामंडपात सगळे एकमेकांची डोकी बघू लागले. जणू पहिल्यांदाच. कुणाचं दाट, कुणाचं विरळ, कुणाच्या कानांवर, कुणाच्या मानेवर. दोन माणसं सारखी सापडेनात. सटवा नावाचा म्हातारा तोंडातली तंबाखू सावरत म्हणाला, "आप्पा, आता समद्यांचंच दूध बंद करावं लागंल की रं." कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग हशा वाढत गेला. पण ह्या वेळी तो शहादेवला नव्हता.

आप्पाराव घुटमळले. "बरं बरं. झालं गेलं. उद्यापून दूध घेऊन ये."

"असं न्हाई येनार," शहादेव म्हणाला आणि सभा सोडून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डेअरीवर आला तो सगळ्यांच्या आधी. पण किटली त्यानं ओट्यावर ठेवली नाही, हातातच धरून उभा राहिला. माप घेणारा म्हणाला, "आण की इकडं." शहादेव हलला नाही. मागं रांग वाढत गेली. कुणी पुढं गेलं नाही. गेलं असतं तरी चाललं असतं, पण कुणी गेलं नाही. सूर्य डोंगरावर आला. शेवटी आप्पाराव घरून आले, रांग पाहिली, आणि त्यांना सगळं कळलं.

ते ओट्यावर चढले नाहीत, सरळ शहादेवपुढं गेले. किटलीला दोन्ही हात लावले, आधी वाकून. "दुधाला पाय लावला, ती चूक झाली शहादेवा. अन् तुला बोललो, तीबी."

"मोठ्यानं बोला. रांगेला ऐकू जाऊ द्या."

आप्पाराव मोठ्यानं बोलले. शहादेवनं किटली सोडली. मग म्हणाला, "अन् हबीबला येशीतून परत धाडायचं बंद करा."

"आरं पण त्यो येऊन काय करनार? नवस हाय, डोकी हुणार न्हाईत."

"येऊ द्या तर खरं. माझ्या घरी बसंल, चहा पिईल," शहादेव म्हणाला. "माणूस का काय कामापुरताच येतो गावात?"

आप्पारावांनी मापवाल्याला खूण केली. मापवाल्यानं किटली उचलली. शहादेव पेंडीचं पोतं घ्यायला आत गेला.