वच्छलामावशीचा धोपा

वच्छलामावशीच्या भाजीनं पोरांचे घसे कधीच खाजले नव्हते. ते माझ्यामुळे खाजले.

आज सकाळी मावशी गेली. म्हणून आता लिहून राहिली.

तिगावकडच्या एका खेड्यातल्या शाळेत आम्ही दोघी पोरांचं जेवण रांधत होतो. ती मुख्य, मी तिच्या हाताखाली.

हँडपंपाच्या सांडपाण्यावर तिनं धोपा लावला होता. धोपा म्हणजे अळू. कच्चा राहिला की घशात काटे टोचल्यासारखं होतं.

नर्सबाई म्हणाली होती, पोरींच्या अंगात रक्त कमी आहे. तेव्हापासून मावशीला हिरव्या पाल्याचा ध्यास.

मी म्हणायची, "मावशी, तीनदा उकळू, तीनदा पाणी फेकू. टेन्शनच नाही."

"अन् मंग पोराईले काय चारशीन? चोथा? सारा कस त् पाण्यात गेला."

तिची रीत ठरलेली. देठ आणि जाड शिरा काढायच्या. अख्खी पानं उकळत्या पाण्यात, अन् ते एकच पाणी फेकायचं. मग चिरून, चिंचेचा कोळ अन् चणाडाळ घालून, झाकून पार गळेपर्यंत शिजवायची.

आधी स्वतः घास खायची. थोडं थांबायची. मगच वाढायची.

त्या दिवशी तिला सौसरला बहिणीकडे जावं लागलं. पानं उकळून, चिरून ठेवली अन् म्हणाली, "पार गळेपर्यंत उतरवू नको."

माझा लहाना घरी तापानं फणफणला होता. मला पळायचं होतं.

चिंच घातलीच नाही. अर्धी शिजलेली भाजी उतरवली, वाढली. चाखलीही नाही.

पाच मिनिटांत पोरं रडायला लागली. एका पोरीचे ओठ सुजले.

संध्याकाळपर्यंत सारी बरी झाली. पण तोवर गाव शाळेत जमलं होतं. मावशी बसमधून उतरून सरळ तिथंच आली.

त्या पोरीच्या बापानं विचारलं, "कोनं रांधली आज?"

मी खाली पाहत होती.

मावशी म्हणाली, "मी. सकाळीच रांधून गेलती."

तिचं काम गेलं. शाळेतला धोपा गावानं उपटून फेकला. माझं काम राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेली. "मावशी, मी खरं सांगून देतो साऱ्याईले."

"तुये लेकरं लहान आहे. चुप बस." मग तिच्या परसातली धोप्याची पानं माझ्यापुढं सरकवली. "शिरा काढ. पहिले शिकून घे."

शिकली. पण शाळेत पुन्हा धोपा रांधू दिला नाही कोणी. इतकी वर्षं आलू अन् पातळ वरण. नर्सबाई अजून तेच सांगून राहिली.

मावशीनं एका शब्दानं टोचलं नाही. बाजारात भेटली की माझ्या पोराचंच विचारायची. त्यानंच जास्त थकली मी.

आज तिच्या अंगणात बाया म्हणत होत्या, "बाई चांगली होती. त्या भाजीचं तेवढं सोडलं तर."

मी तिथंही गप्प बसली.

लेकरं मोठी झाली आता. उद्या हेडमास्तरांसमोर उभी राहून सांगणार आहे. काम राहो की जावो.

मावशी, शेवटचा जय भीम.